संभाव्यता-सांख्यिकी शिकायचीय? आधी चार चिंचोके आणा

अकरावीला मला स्टॅट्समध्ये काठावर पास केलं होतं, तेही बहुतेक तपासणाऱ्याला दया आली म्हणून. सूत्रं सगळी पाठ होती, सिग्मा बिग्मा सगळं लिहिता यायचं, पण हे आपण नेमकं कशाला काढतोय असं कोणी विचारलं असतं तर मी खिडकीबाहेर बघितलं असतं. क्लासच्या सरांचं एकच, "हे येतंच पेपरला". पुढे नोकरीत रोज एक्सेल उघडून बसायची वेळ आली आणि साहेबांनी "या महिन्यात विक्री घटलीय की नुसतीच वरखाली होतेय?" असं विचारलं तेव्हा कळलं की आपल्याला यातलं काहीच येत नाही. मग परत पहिल्यापासून शिकलो, आणि यावेळी क्रम उलटा केला: आधी अंदाज वहीत लिहायचा, मग हाताने करून मोजायचं, सूत्र सगळ्यात शेवटी. खाली तोच क्रम देतोय. अंदाज लिहिणं टाळू नका प्लीज, सगळी गंमत तिथेच आहे, कारण आपला अंदाज किती चुकतो हे कागदावर दिसल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही.

लागणारं सामान: दोन चिंचोके फोडून झालेल्या चार फाका, लुडोचा एक फासा, वही-पेन, आणि फोनवर कुठलीही स्प्रेडशीट. कॅल्क्युलेटर तर फोनमध्ये असतोच.

पायरी १: दान टाका

लहानपणी आजोळी पट खेळला असाल (कोणी अष्टाचंग म्हणतं, कोणी अजून काही, प्रत्येक गावाचं नाव वेगळं) तर चिंचोके माहीतच असतील. फाकेची आतली सपाट बाजू पांढरी, बाहेरची फुगीर बाजू काळपट. चार फाका एकदम टाकायच्या, जेवढ्या पांढऱ्या वर तेवढं दान, आणि चारही काळ्या वर आल्या तर थेट ८. आमच्याकडे ८ पडला की परत टाकायला मिळायचं, आणि आजीला तो कायम पडायचा.

आता वहीत लिहा: ४ जास्त वेळा पडेल की ८? आणि सगळ्यात जास्त वेळा कुठलं दान पडेल? लिहिलंत? मग ५० वेळा टाका आणि प्रत्येक दानापुढे ताळ्याच्या खुणा करत जा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती वही जपून ठेवा, शेवटी परत लागणारे.

पायरी २: सगळ्या शक्यता मांडा

क्षणभर धरू की प्रत्येक फाक पांढरी पडायची शक्यता अर्धी-अर्धी आहे, नाण्यासारखी. एका फाकेच्या २ शक्यता, चारांच्या २×२×२×२ म्हणजे १६. पुस्तकात याला नमुना अवकाश म्हणतात आणि ते नाव ऐकूनच निम्मी पोरं घाबरतात. पण तुम्ही हे आधीच मराठीच्या तासाला केलंय! वृत्तं आठवतात का, यमाताराजभानसलगा? तीन अक्षरं, प्रत्येक एकतर लघु नाहीतर गुरू, म्हणून गण बरोब्बर ८, सातही नाही आणि नऊही नाही. ते आठ गण म्हणजे तीन नाण्यांचा नमुना अवकाशच, फक्त छापा-काटाच्या जागी लघु-गुरू.

१६ शक्यता एकदा तरी हाताने लिहून काढा. पांढरं एकही नाही अशी १, एक पांढरं अशा ४, दोन पांढरी अशा ६, तीन पांढरी ४, चारही पांढरी १. १-४-६-४-१. ही पास्कलच्या त्रिकोणातली (वरच्या ओळीतले शेजारचे दोन आकडे मिळवत खाली उतरायचं तो) ओळ, आणि आपल्याकडे छंदशास्त्रवाले यालाच मेरुप्रस्तार म्हणत होते, दहाव्या शतकातल्या हलायुधाच्या टीकाग्रंथात तो आहे, आणि तिथेही प्रश्न हाच होता की चार अक्षरांत दोन गुरू किती प्रकारे बसतात.

मग संभाव्यता म्हणजे काय तर, सगळ्या शक्यता सारख्या असतील तर हव्या तेवढ्या भागिले एकूण. दान २ ची ६/१६. चारही पांढरी १/१६ आणि चारही काळी पण १/१६, म्हणजे ४ आणि ८ दोन्ही सारख्याच वेळा पडायला पाहिजेत. आता तुमची वही बघा. पडले का सारखे? बहुतेकांचे नाही पडणार. "सारख्या असतील तर" या तीन शब्दांत लोचा आहे, त्याच्याकडे शेवटी येऊ.

पायरी ३: "निदान एकदा" आलं की उलटं मोजा

लुडोत सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही. चार वेळा फासा टाकला तर निदान एकदा सहा पडायची शक्यता किती? नव्वद टक्के लोक चटकन म्हणतात, हं हे नव्वद टक्के माझे मनातले आहेत, की एकदा टाकला तर १/६, मग चार वेळा ४/६, म्हणजे ६६ टक्के. हाच हिशोब पुढे न्या, सात वेळा टाकला तर ७/६, म्हणजे ११६ टक्के? इथे काहीतरी फिसकटलंय हे दिसतं.

बरोबर रस्ता असा की सहा एकदाही न पडायची शक्यता काढायची. एका वेळी न पडणं ५/६, चारही वेळा न पडणं ५/६ चा चार वेळा गुणाकार, ते येतं साधारण ०.४८२. १ मधून वजा केलं की ०.५१८, म्हणजे जेमतेम ५२ टक्के. हाच प्रश्न सतराव्या शतकात फ्रान्समधल्या शेव्हालिए द मेरे नावाच्या जुगारी सरदाराचा होता. दुसऱ्या खेळात त्याने दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्ही सहा येतील यावर पैज मांडली, आणि तिथे शक्यता निघते ४९.१ टक्के. म्हणजे पहिल्या खेळात जेवढं मिळायचं ते दुसऱ्यात हळूहळू जायचं. त्याने हा आणि असेच प्रश्न पास्कल या गणितज्ञाला घातले, पास्कलने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रं लिहिली, साल १६५४, आणि त्या पत्रांतून हा विषय उभा राहिला.

जाता जाता: दहा वेळा टाकूनही सहा न पडायची शक्यता १६ टक्के आहे. त्यामुळे तुमची सोंगटी घरात अडकली तर फाशात खोट काढू नका.

पायरी ४: फाशाला आठवण नसते

हे सगळ्यांना पटतं आणि कोणीच पाळत नाही. सलग पाच वेळा छापा पडला की "आता काटा येणारच" असं वाटतंच, मलासुद्धा अजून वाटतं. १९१३ साली मोंटे कार्लोच्या कसिनोत रूलेटच्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला होता आणि आता लाल येणारच म्हणून लोक लाखोंनी हरले.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे मटका. आकड्यांचे जुने चार्ट घेऊन "सात खूप दिवस आला नाही" म्हणत टपरीवर बसलेले काका कुठल्याही तालुक्याला सापडतील. सात किती दिवस आला नाही हे सात आकड्याला माहीतच नसतं हो! आणि दुसरा हिशोब त्याहून सोपा. समजा दहा आकडे आहेत, सगळे सारख्या शक्यतेचे, आणि लागला तर रुपयाला ९ रुपये मिळतात. दहापैकी एकदा ९ मिळणार, नऊ वेळा शून्य, म्हणजे एका रुपयामागे सरासरी ९० पैसे परत. प्रत्येक रुपयाला १० पैसे गेले. याला अपेक्षित मूल्य म्हणतात: प्रत्येक निकाल गुणिले त्याची शक्यता, आणि सगळ्याची बेरीज. लॉटरी, विमा, मोबाईलची एक्स्टेंडेड वॉरंटी, सगळीकडे हेच चालतं. विमा मात्र तरीही घ्यावा, कारण तिथे आपण सरासरी कमवायला जात नाही, एका फटक्यात बुडू नये म्हणून जातो.

पायरी ५: "जर" आलं की माणसं मोजा

सशर्त संभाव्यता, बेजचा सिद्धांत, यावर माझे दोन महिने गेले. थॉमस बेज हा इंग्लंडमधला पाद्री, त्याचा लेख तो गेल्यावर १७६३ मध्ये छापला गेला, आणि खरं सांगू तर सूत्र बघून मला काही कळलं नाही. कळलं ते गाव डोळ्यासमोर आणल्यावर.

१००० माणसांचं गाव धरा. एक आजार १० जणांना आहे. तपासणी अशी की खरा आजारी असेल तर १० पैकी ९ वेळा पकडते, आणि धडधाकट माणसालाही १०० पैकी ९ वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तुम्ही खरंच आजारी असायची शक्यता किती? अंदाज लिहा आधी.

आता माणसं मोजू. १० आजारी, त्यातले ९ पॉझिटिव्ह. ९९० धडधाकट, त्यांचे ९ टक्के म्हणजे ८९ पॉझिटिव्ह. रिपोर्ट घेऊन दवाखान्याबाहेर उभे एकूण ९८, त्यात खरे आजारी ९. म्हणजे साधारण ९ टक्के! बहुतेकांनी ९० लिहिलेलं असतं. "आजारी असेल तर पॉझिटिव्ह" आणि "पॉझिटिव्ह असेल तर आजारी" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच पकडलं तरी खूप झालं. (डॉक्टर आधी लक्षणं बघून मग टेस्ट सांगतात, त्यामुळे तिथे १००० मध्ये १० हा आकडाच बदलतो. म्हणून हे वाचून रिपोर्ट फेकून देऊ नका.)

पायरी ६: सरासरी कुठली ते विचारा

इथून सांख्यिकी. बाजार समितीचा कांद्याचा भाव बघितला असेल तर तिथे तीन रकाने असतात: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. बातमीत मधला येतो, शेतकरी तिसऱ्याने माल विकून येतो, आणि घरी आल्यावर भांडण.

मी समजण्यापुरते आकडे घेतो. दहा ट्रॉल्या, क्विंटलचे भाव: ४००, ९००, ११००, १२००, १२००, १२००, १३००, १४००, १५००, २८००. बेरीज १३०००, भागिले १०, मध्य १३००. पण दहापैकी सहा जणांना १३०० सुद्धा मिळाले नाहीत. चढत्या क्रमाने लावून मधोमध बघितलं तर १२००, हा मध्यक. सगळ्यात जास्त वेळा आलेला भाव पण १२००, हा बहुलक, आणि बाजार समितीचा सर्वसाधारण दर याच जातीचा, ज्या भावाला जास्तीत जास्त माल गेला तो. ती २८०० वाली ट्रॉली काढून बघा, मध्य लगेच ११३३ वर येतो आणि मध्यक जागचा हलत नाही.

अजून एक खोच आहे. समजा २८०० वाल्या ट्रॉलीत फक्त ५ क्विंटल होता आणि बाकी नऊंमध्ये २०-२० क्विंटल. मग एकूण पैसे २,१८,०००, एकूण माल १८५ क्विंटल, भागाकार ११७८. ही भारित सरासरी. त्याच बाजाराचा, त्याच दिवसाचा भाव २८०० पण खरा, १३०० पण खरा, १२०० पण आणि ११७८ पण. कोणी सरासरी सांगितली की कुठली, एवढं विचारायची सवय लावा.

सरासरीइतकंच महत्त्वाचं म्हणजे आकडे किती पसरलेत. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्याच जिल्ह्यातला माण तालुका दुष्काळी, मग जिल्ह्याची सरासरी घेऊन विहीर खणायची का?

पसारा मोजायला प्रमाण विचलन. एकदा हाताने कराच. स्टॉपवर पाच दिवस बसची वाट बघितली, मिनिटं ९, १०, ११, १२, १३. मध्य ११. फरक उणे २, उणे १, ०, १, २. यांची बेरीज कायम शून्यच येणार म्हणून वर्ग करायचे: ४, १, ०, १, ४, बेरीज १०, भागिले ५ म्हणजे २, वर्गमूळ १.४ मिनिटं. दुसऱ्या स्टॉपवर १, ३, ५, २०, २६. मध्य इथेही ११, पण विचलन १० मिनिटांच्या वर. ऑफिसला लेटमार्क कुठल्या स्टॉपवरून लागणार ते वेगळं सांगायला नको. (स्प्रेडशीटमध्ये उत्तर थोडं वेगळं दिसलं तर घाबरू नका, नमुन्यासाठी ते ५ ऐवजी ४ ने भागतं.)

पायरी ७: शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण म्हणजे नमुना सर्वेक्षणाचं अख्खं शास्त्र, फक्त एक अट आजी सांगत नाही कारण तिला ती सवयीने माहीत असते: शीत कुठून उचललं. वरचं शीत शिजलेलं आणि तळाचा भात करपलेला असं होऊ शकतं. पातेलं केवढं आहे याने फारसा फरक पडत नाही, नीट मिसळलंय का याने पडतो.

१९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळपास १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २४ लाखांच्या आसपास परत आल्या, आणि त्यांनी जाहीर केलं की रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरी आणि गाड्यांच्या नोंदणीतून, मंदीच्या काळात फोन आणि गाडी असलेली माणसं म्हणजे वरचंच शीत, आणि त्यातही ज्यांना तावातावाने मत सांगायचंय त्यांनीच उत्तर पाठवलेलं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप पोलचं पण असंच असतं बघा.

आपल्याकडे पीक कापणी प्रयोग होतात, म्हणजे थोड्या शेतांतलं पीक कापून मोजायचं आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज करायचा, त्यात शेतं यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखी निवडायची असतात, रस्त्यालगतचं चांगलं शेत बघून नाही. पिकाच्या अंदाजासाठी ही पद्धत बसवण्यात मोठा वाटा संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. आणि बंगालमध्ये तागाच्या पिकावर असंच काम केलं महालनोबिसांनी, ज्यांनी १९३१ मध्ये कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट काढली. २९ जून हा त्यांचा वाढदिवस सांख्यिकी दिन असतो.

वाढदिवसावरून आठवलं. प्रसिद्ध गणित आहे की २३ जण जमले तर दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता ५० टक्क्यांच्या वर, आणि ४० जणांच्या वर्गात ८९ टक्के. गणित पायरी ३ सारखंच, उलटं मोजायचं, करून बघा. पण त्यात गृहीत धरलंय की सगळ्या तारखा सारख्या. आता गावाकडच्या जुन्या पिढीच्या दाखल्यांवरच्या तारखा बघा, अर्ध्या भावकीचा जन्म १ जूनचा! शाळेत घालताना तारीख माहीत नसायची, गुरुजी १ जून टाकून मोकळे. तो डेटा बाळांच्या जन्माचा नाहीच, गुरुजींच्या पेनाचा आहे. आकडे हातात आले की ते लिहिले कोणी आणि कसे हे आधी बघायचं.

सहसंबंधाबद्दल, म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने वाढण्या-घटण्याबद्दल, जास्त लिहीत नाही: छत्र्या जास्त खपल्या की रस्त्यात खड्डे वाढतात, म्हणून छत्रीबंदी करायची नसते.

पायरी ८: परत चिंचोके

आता ती वही काढा. ५० वेळा चार फाका म्हणजे एकूण २०० फाका. त्यात पांढऱ्या किती आल्या ते मोजा. समजा ८० आल्या, म्हणजे ४० टक्के. प्रश्न: फाक खरंच एकांगी आहे, की अर्ध्या-अर्ध्याचीच आहे आणि आपलं नशीब तसं पडलं?

०.४ गुणिले ०.६, भागिले २००, त्याचं वर्गमूळ: साधारण ०.०३५. याला प्रमाण त्रुटी म्हणतात, म्हणजे परत परत २०० फाका टाकल्या तर हा टक्का साधारण किती हलेल ते. ढोबळ नियम असा की दोन्हीकडे त्याच्या दुप्पट अंतर धरायचं, म्हणजे ४० टक्के, ७ कमी-जास्त, ३३ ते ४७. ५० त्यात बसत नाही, म्हणजे फाक अर्ध्या-अर्ध्याची दिसत नाही. पण २० फाकांवर ८ पांढऱ्या असत्या तर? तेही ४० टक्केच, पण त्रुटी ०.११ आणि पट्टा १८ ते ६२, त्यात ५० आरामात बसतो, काहीच बोलता येत नाही. साहेबांच्या "विक्री घटलीय की नुसती वरखाली" चं उत्तरही असंच शोधायचं असतं. निवडणुकीच्या पोलखाली बारीक अक्षरात "३ टक्के कमी-जास्त" लिहिलेलं असतं तेही हेच.

फाक ४० टक्क्यांची धरून पायरी २ परत करू. चारही पांढरी: ०.४ चा चार वेळा गुणाकार, २.६ टक्के. चारही काळी: ०.६ चा चार वेळा, १३ टक्के. म्हणजे ८ हा ४ च्या पाचपट वेळा पडणार. आजीचे चिंचोके ठरलेले असायचे, डबीतून तेच चार निघायचे, दुसरे आणले तर ती खेळायला बसायची नाही. आता कळतंय का ते.

यापुढे बालभारतीचं दहावीचं गणित भाग १ घ्या, पीडीएफ फुकट मिळते, त्यातलं पाचवं प्रकरण संभाव्यता आणि सहावं सांख्यिकी, दोन्ही सोडवा. मग द्विपद वितरण, मग प्रसामान्य वितरण, या क्रमाने जा. परिकल्पना चाचणीची मोठमोठी नावं लगेच पाठ करायला जाऊ नका, वर फाकेबाबत केलं ती चाचणीच होती.

आणि तुमचा पट्टा ५० ला अगदी चिकटून आला, सुटतही नाही आणि बसतही नाही असं झालं, तर अजून टाका. पट्टा निम्मा करायचा तर चौपट टाकावं लागतं, म्हणजे २०० च्या जागी ८०० फाका. खाली सतरंजी घाला मात्र, फरशीवर आवाज फार होतो आणि एखादी फाक फ्रीजखाली गेली की संपलं.